ओलीवर पिकणारा गहू

नोकरीच्या निमित्तानं म्हैसूरला बिऱ्हाड केलेल्या मराठी गृहिणीला सुरुवातीच्या दिवसांत एक प्रश्न हमखास पडतो. ती वाण्याकडे जाऊन किलोभर रवा मागते. वाणी विचारतो, ‘‘बन्सी देऊ की चिरोटी?’’ चिरोटी म्हणजे बारीक रवा, एवढं तिच्या लक्षात येतं. चिरोटे आपल्याकडेही होतात. पण हा बन्सी कोण? पाकीट फोडल्यावर दिसतं की, रवा जाडसर, दाणेदार आणि किंचित पिवळट आहे. त्याचं उपीट मोकळं होतं, गोळा होत नाही. बाई खूश होते, पण नावाचं कोडं तसंच राहतं.

तिच्या माहेरी, मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे, एखादी ऐंशीच्या घरातली आजी असेल तर ती हे कोडं चुटकीसरशी सोडवील. ‘‘अगं, बन्सी म्हणजे आपला कोरडवाहू गहू! शेवयांना त्याच्यासारखा दुसरा नाही. पाणी न देता यायचा तो...’’

पाणी न देता येणारा गहू! आज शहरात वाढलेल्या मुलांना हे थापेबाजीसारखं वाटेल. गहू म्हटलं की, डोळ्यांसमोर येतो तो पंजाब, तिथले कालवे आणि ट्यूबवेल. पण दख्खनच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या गहू पिकला तो विहिरीवर नाही की पाटावरही नाही. पावसाळा सरल्यावर जमिनीच्या पोटात जी ओल उरते, तिच्यावर तो पिकला. बन्सी, बक्षी ही त्या गव्हांची नावं. आज पाकिटात जुन्या बन्सीचाच दाणा असेल असं नाही. पण शेतातून जवळपास दिसेनासं झालेलं ते नाव शेकडो मैल दूर, म्हैसूरच्या वाण्याच्या फळीवर मात्र टिकून राहिलं आहे.

खरं तर म्हैसूर हे काही गव्हाचं गाव नाही. आसपासच्या शेतांत रागी, म्हणजे आपली नाचणी, आणि कावेरीच्या पाण्यावरचा भात. कर्नाटकातला गहू पिकतो तो उत्तरेला, धारवाड, विजयपूर, बेळगावच्या काळ्या रानात. असं असूनही देशातल्या गव्हाची बरीच परीक्षा होते ती याच शहरात. राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा महाल २१ ऑक्टोबर १९५० रोजी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या हवाली झाला. ‘सीएफटीआरआय’ या नावानं ओळखली जाणारी हीच ती संस्था. लहान मुलांसाठी म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याची कृती इथंच तयार झाली आणि पुढे अमूलनं ती घराघरांत पोहोचवली. याच आवारात स्विस सहकार्यानं उभं राहिलेलं एक दळण-विद्यालय आहे. मैदा, रवा, आटा काढणाऱ्या मोठ्या गिरण्यांची माणसं इथं धडे घ्यायला येतात.

चपातीवरही इथं रीतसर संशोधन झालं. चपाती किती फुगते, गार झाल्यावर किती मऊ राहते, फाडताना किती जोर लागतो, चावताना चिवट लागते का, या साऱ्याची मोजमापं घेऊन इथल्या शास्त्रज्ञांनी निबंध लिहिले. एकामागून एक चपात्या लाटून भाजणारं यंत्रही याच संस्थेनं तयार केलं. १९६१ मध्ये म्हैसुरातच सुरू झालेल्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेनं तर महिनोन्‌महिने न बिघडणारी चपाती करून ती सीमेवरच्या जवानांसाठी पाठवली.

घरोघरी सासूबाई सुनेच्या पोळीची परीक्षा घेतात, तशीच ही! पण या परीक्षेत एक मोठं सत्य दडलेलं आहे. गव्हाची नवी जात शेतात कितीही तोऱ्यात उभी राहो, तिचा शेवटचा निकाल तव्यावर लागतो. पाण्याविना येणाऱ्या गव्हाचं नशीबही त्याच तव्यावर ठरणार आहे.

ते कसं, हे समजून घ्यायला आधी थोडी गव्हाची कुळकथा पाहायला हवी.

जगातल्या गव्हाची सवयीनुसार दोन घराणी आहेत. एक हिवाळी गहू आणि दुसरा वसंत गहू. हिवाळी गहू थंड देशांत शरद ऋतूत पेरतात. तो बर्फाखाली झोपून काढतो. कित्येक आठवड्यांची कडाक्याची थंडी अंगावर घेतल्याशिवाय त्याला ओंबीच येत नाही. वसंत गव्हाला अशी सक्ती नाही. कॅनडासारख्या देशात बर्फ वितळल्यावर एप्रिल-मे महिन्यांत तो पेरतात आणि उन्हाळा संपता संपता कापतात. आपला गहू आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, थंडीच्या तोंडावर पेरतो. म्हणून तो हिवाळी वाटतो. पण स्वभावानं तो आहे वसंत घराण्यातला. बर्फाचा त्याला गंधही नाही. आपल्याकडची थंडी त्याला फक्त मानवते. मार्चचं ऊन तापण्याआधी दाणा भरून घेण्याची त्याला घाई असते.

ही घाईच त्याला एकदा फार दूर घेऊन गेली. कॅनडाच्या पश्चिमेला अफाट माळरान आहे. पाऊस बेताचा, उन्हाळा आखूड. तिथं ‘रेड फाइफ’ नावाचा गहू पेरत. त्याचं पीठ उत्तम, पण पिकायला उशीर लागे आणि कापणीआधीच हिमदाह त्याचा घास घेई. १८९२ मध्ये या रेड फाइफचा संकर ज्या गव्हाशी केला गेला, त्याचं नाव वाचून आपल्याला अचंबा वाटेल. ‘हार्ड रेड कलकत्ता’! हिंदुस्थानातून गेलेला, उत्पन्नाला कमी पण लवकर पिकणारा गहू. या संकराच्या संततीतून पुढे चार्ल्स साँडर्स या शास्त्रज्ञानं एक जात निवडून काढली. हे साँडर्स मूळचे संगीताचे शौकीन. काही काळ त्यांनी गायनाचे वर्गही चालवले होते. निवड करायला त्यांच्यापाशी मोठी यंत्रं नव्हती. ते प्रत्येक वाणाचे दाणे तोंडात टाकून चावत बसत. चावून चावून जो चिकट, लवचीक गोळा उरे, त्यावरून पाव कसा होईल याचा अंदाज ते बांधत. आपल्याकडचे जुने शेतकरीही बाजारात गहू पारखताना चार दाणे दाढेखाली धरतात, तोच हा प्रकार!

या निवडीतून निघालेला ‘मार्क्विस’ गहू १९०९ पासून शेतकऱ्यांच्या हाती गेला. रेड फाइफपेक्षा तो आठवडाभर आधी कापणीला येई. दहा-बारा वर्षांत कॅनडाच्या माळरानावर बहुतेक सगळीकडे तोच डोलू लागला. एका आठवड्याच्या फरकानं एका देशाची शेती बदलली आणि त्या आठवड्यातला मोठा वाटा हिंदुस्थानी गव्हाच्या रक्ताचा होता.

आपल्याकडे मात्र वारं उलट दिशेनं वाहिलं. स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षं देश अमेरिकेच्या जहाजांतून येणाऱ्या गव्हावर अवलंबून होता. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन दुष्काळी वर्षं आली, तेव्हा भूक उंबऱ्यावर येऊन ठेपली. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेले बुटके गहू त्या वेळी देशाच्या मदतीला धावून आले. १९६६ मध्ये ‘लर्मा रोहो’ या जातीचं तब्बल १८ हजार टन बियाणं भारतानं मागवलं. हे गहूही वसंत घराण्यातलेच. पण त्यांची मागणी वेगळी होती. भरपूर खत आणि वेळच्या वेळी पाणी. ते मिळालं की, बुटकं ताट न लोळता ओंबीचं ओझं पेलायचं. १९६८ मध्ये गव्हाच्या या क्रांतीचं टपाल तिकीट निघालं, १९७० मध्ये बोरलॉग यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या गव्हानं कोट्यवधी माणसं जगवली. त्याचं ऋण नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल.

पण प्रत्येक जेवणावळीत कुणी तरी पंगतीबाहेर राहतोच. इथं राहिला तो कोरडवाहू शेतकरी. ज्याच्या रानात विहीर नाही, कालवा नाही, त्याला हा नवा गहू कामाचा नव्हता. आणि ज्याच्याकडे पाणी आलं, त्यानं बन्सी, बक्षी सोडून नवा गहू धरला. दोन्हीकडून जुन्या गव्हाची कोंडी झाली. त्याच्या जागी हरभरा आला, ज्वारी राहिली किंवा शेतकरी ऊस लावून मोकळा झाला. गावातला माणूस पोळीसाठी रेशनचा गहू आणू लागला.

आता या पोळीमागे किती पाणी जातं, त्याचा जरा घरगुती हिशेब मांडून पाहू. एक हेक्टर रानात एक सेंटिमीटर उंचीचं पाणी उभं करायचं तर एक लाख लिटर लागतं. बागायती गव्हाच्या एका पाळीला साधारण सहा सेंटिमीटर पाणी धरलं आणि पाच पाळ्या दिल्या, तर झाले तीस लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीनशे टँकर! हेक्टरी चाळीस क्विंटल गहू आला असं धरलं तर किलोमागे पडले साडेसातशे लिटर. एका किलो पिठाच्या पंचवीस पोळ्या होतात. म्हणजे एका पोळीमागे तीस लिटर, मोठ्या दोन बादल्या पाणी. हे केवळ वरून दिलेलं पाणी, पावसाचं वेगळंच. मार्च-एप्रिलमध्ये ज्या मुलखात बायाबापड्या दोन हंड्यांसाठी टँकरची वाट पाहतात, त्या मुलखाला ही पोळी परवडणारी आहे का, हा प्रश्न ज्यानं त्यानं स्वतःला विचारावा.

कोरडवाहू गहू पाणी पीत नाही असं नाही. तोही पितोच. पण तो पितो जमिनीनं जूनपासून साठवलेलं, तिथल्या तिथं पडलेलं पावसाचं पाणी. त्यासाठी विजेचा पंप लागत नाही की कुणाच्या विहिरीची पातळी खाली जात नाही.

अशा गव्हाला काही गुण अंगी असावे लागतात. पहिला गुण म्हणजे मुळांची खोल जाण्याची तयारी. वरची माती वाळत जाते तशी ओल खाली सरकते. मूळ तिच्यामागे गेलं नाही तर ताट उपाशी. दुसरा गुण कोंबाच्या ताकदीचा. वरचा थर कोरडा असल्यानं बी खोल ओलीत पडावं लागतं आणि कोंबाला तेवढं अंतर चढून यावं लागतं. बुटक्या जातींत अनेकदा कोंबावरची टोपीही आखूड असते आणि खोल पेरलेलं बी वर येतच नाही. म्हणून पैदासकारांना बुटकेपणा आणि कोंबाची लांबी यांचा मेळ बसवावा लागतो. तिसरा गुण कुसळांचा. ओंबीवरचे हे काटे शोभेचे नसतात. पानं वाळू लागली तरी हिरवी कुसळं अन्न तयार करत राहतात आणि दाणा भरत राहतो. आणि चौथा, सर्वांत मोठा गुण म्हणजे लवकर आवरण्याचा. ओल संपण्याआधी, ऊन चढण्याआधी दाणा भरून मोकळं व्हायचं. कॅनडात हिमदाहाशी शर्यत होती, इथं उन्हाशी आहे.

ही शर्यत आता अधिक कठीण झाली आहे. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत तप्त मार्च ठरला. उत्तरेतल्या भरल्या शेतांत गव्हाचा दाणा आक्रसला, उत्पादनाचे अंदाज खाली आणावे लागले आणि १३ मे २०२२ रोजी सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. पाणी असूनही ही गत झाली. म्हणजे लवकर पिकणारा, उन्हाला तोंड देणारा गहू ही आता केवळ कोरडवाहू शेतकऱ्याची गरज राहिलेली नाही.

या गरजेवर महाराष्ट्रात काम सुरू आहे ते आजकालचं नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडला १९३२ पासून गहू संशोधन केंद्र आहे. तिथून ‘पंचवटी’ आली, ‘नेत्रावती’ आली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ‘शरद’ दिली. जिरायत किंवा मोजक्या पाण्यासाठी शिफारस झालेल्या या जाती. पुण्यात प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. वनस्पतिशास्त्राचे हे प्राध्यापक कलकत्ता विद्यापीठात आयुष्य घालवून निवृत्तीनंतर पुण्याला आले आणि स्वस्थ न बसता संस्था काढून मोकळे झाले. तीच आज आघारकर संशोधन संस्था. गव्हाच्या पोत्यावर ‘एमएसीएस’ ही अक्षरं दिसली तर ती या संस्थेच्या मूळ इंग्रजी नावाची आद्याक्षरं समजावीत.

याच संस्थेची ‘एमएसीएस ४०२८’ ही जात महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या कोरडवाहू रानासाठी मान्य झाली. २०१९ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं तिला पोषणसमृद्ध वाणांत जागा दिली. ही बन्सीच्याच घरातली, म्हणजे ड्युरम गटातली. ताट मध्यम बुटकं. १०२ दिवसांत कापणीला येते. प्रथिनं १४.७ टक्के. एका किलोत ४६.१ मिलिग्रॅम लोह आणि ४०.३ मिलिग्रॅम जस्त. ज्या घरांत आठवड्यातून एकदाच डाळ शिजते, तिथं पोळीतून येणाऱ्या चार जादा प्रथिनांना फार मोल आहे. शिवाय तांबेरा आणि मावा यांना ती सहजी बळी पडत नाही. उत्पन्न हेक्टरी १९.३ क्विंटल, तेही पावसाच्या ओलीवर.

एवढं सगळं असताना मग अडतं कुठे?

अडतं ते बाजारात. २०२५-२६ च्या हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. तो मोजला जातो वजनावर. दाण्यात प्रथिनं किती, त्यासाठी पाणी किती लागलं, हे काटा विचारत नाही. बागायती शेतकऱ्याच्या चाळीस क्विंटलांचे होतात ९७ हजार रुपये आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या १९.३ क्विंटलांचे जेमतेम ४६,८०० रुपये. एकानं जमिनीतलं पाणी उपसलं, दुसऱ्यानं वाचवलं. वाचवणाऱ्याच्या पदरात त्याबद्दल एक पैसाही पडत नाही. मग त्यानं हरभऱ्याकडे वळू नये तर काय करावं?

भाव वेगळा मिळायचा तर तो गिऱ्हाईकच देऊ शकतं. आणि इथं पुन्हा तव्याची परीक्षा येते. गेल्या पन्नास वर्षांत शहरातल्या घराघरांना पांढऱ्याशुभ्र, मऊसूत पोळीची सवय झाली. ड्युरम गव्हाचं पीठ पिवळसर. दाणा टणक असल्यानं दळण थोडं कणीदार पडतं. मळताना पाणी जास्त मागतं, पोळी जरा चिवट होते. गृहिणी एकदा करून पाहते, मुलं नाकं मुरडतात आणि पुढच्या महिन्यात यादीतून तो गहू गळतो.

यावर उपाय आजीबाईंच्या स्वयंपाकघरातच आहेत. हे पीठ कोमट पाण्यात सैलसर मळावं, तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवावं. नेहमीच्या गव्हात निम्मं मिसळलं तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि रवा, शेवया, लापशी, दलिया या पदार्थांत तर या गव्हाला तोड नाही. जगभर पास्ता याच गटाच्या गव्हाचा होतो, तो काही उगाच नाही. म्हैसूरची गृहिणी रोज सकाळी बन्सी रव्याचं उपीट आवडीनं करते, तेव्हा ती नकळत या गव्हाच्या बाजूनंच मत देत असते.

एका जुन्या गव्हानं ही बाजाराची परीक्षा पास करूनही दाखवली आहे. तो म्हणजे खपली. सांगली, साताऱ्यापासून बेळगाव, बागलकोटपर्यंत पिकणारा हा गहू बन्सीचा चुलतभाऊच. दोघांच्या पेशीत गुणसूत्रं २८, तर आपल्या नेहमीच्या पोळीच्या गव्हात ४२. खपलीचा दाणा मळणीनंतरही टरफलातच राहतो, तो सडून काढावा लागतो. म्हणून कंटाळून लोकांनी तो सोडला होता. याच खपलीतला तांबेऱ्याला दाद न देणारा गुण ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी उचलला आणि ‘खॅपस्टीन’ नावाचा गहू घडवला. घरच्यांनी अडगळीत टाकलेलं भांडं पाहुण्यानं मिरवावं, तसं झालं! आज शहरातल्या दुकानांत खपली साध्या गव्हापेक्षा कितीतरी चढ्या भावानं विकला जातो. गुजरातेत भाल प्रदेशातल्या, केवळ जमिनीच्या ओलीवर येणाऱ्या भालिया गव्हालाही २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं की भाव मिळतो, हे या दोन गव्हांनी सिद्ध केलं.

मात्र नाव करण्याच्या भरात भलतीच आश्वासनं देऊ नयेत. खपलीत किंवा बन्सीत ग्लुटेन नसतं, असं काही विक्रेते ठोकून देतात. ते साफ चूक आहे. ज्यांना सिलिॲक हा आजार आहे, त्यांना हे दोन्ही गहू नेहमीच्या गव्हाइतकेच वर्ज्य. मधुमेहाच्या माणसानंही ‘खपली आहे, काही होत नाही’ म्हणून दोन पोळ्या जास्त खाऊ नयेत. गहू तो गहूच. औषध नव्हे.

ज्यांचं स्वतःचं रान आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. कोरडवाहू गव्हाला भारी, ओल धरणारी काळी जमीनच हवी, मुरमाड रानात तो टिकणार नाही. पावसाळ्यात रान पड ठेवून कुळवाच्या पाळ्या घालून ओल राखावी. पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातच उरकावी. नोव्हेंबर उजाडला की, ओलही खाली जाते आणि शेवटी ऊनही गाठतं. हेक्टरी ७५ ते १०० किलो बियाणं पुरे. त्याहून दाट पेरलं तर ताटं एकमेकांच्या तोंडचं पाणी पळवतात. शेततळ्यातून एकच पाणी देण्याची सोय असेल तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावं. आणि बियाणं घेताना आपल्या भागासाठी शिफारस केलेली जात कोणती, हे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावं. पावसाळाच कोरडा गेला असेल तर मात्र हट्ट करू नये. जमिनीत नसलेली ओल कोणतीही जात निर्माण करू शकत नाही. अशा वर्षी हरभरा किंवा करडईच बरी.

शेतकऱ्यानं पेरावं, शास्त्रज्ञानं जात द्यावी, सरकारनं भावाचा विचार करावा, हे सगळं खरं. पण या साखळीचं शेवटचं टोक आपल्या स्वयंपाकघरात आहे. वर्षाचा गहू भरताना पोतंभर गव्हात पाच-दहा किलो कोरडवाहू गहू मागून घेतला, तर पहिल्या दिवशी वाणी ‘‘नाही बुवा’’ म्हणेल. दहा घरांनी मागितला की, तोच शोधून आणेल. म्हैसूरच्या वाण्यानं बन्सी हे नाव उगाच नाही जपून ठेवलं. तिथल्या बायकांनी ते मागायचं सोडलं नाही, म्हणून ते राहिलं.